महत्तम-लघुतम मूल्यांचा प्रश्न आणि दिल्लीचे मास्टर रामचंद्र : अवकलनाला बीजगणिताचा पर्याय शोधणाऱ्या एका प्रयत्नाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

फलनाचे महत्तम व लघुतम मूल्य अवकलजाच्या साहाय्याने काढण्याची रीत सतराव्या शतकात युरोपात सिद्ध झाली. १८५० साली दिल्ली कॉलेजातील शिक्षक रामचंद्र यांनी हेच प्रश्न अवकलनाचा आधार न घेता, केवळ बीजगणिताने सोडविणारा ग्रंथ कलकत्त्यास स्वखर्चाने प्रसिद्ध केला. ऑगस्टस द मॉर्गन यांच्या प्रयत्नांमुळे १८५९ मध्ये त्याची लंडन आवृत्ती निघाली. प्रस्तुत लेखात या ग्रंथाची पार्श्वभूमी, त्यातील पद्धती, तिच्या मर्यादा आणि तिच्यामागील शैक्षणिक भूमिका यांचा विचार केला आहे. त्याच सुमारास बापूदेवशास्त्री यांनी भास्कराचार्यांच्या ज्योतिषगणितात अवकलनाचे तत्त्व असल्याचे दाखविले. या दोन भूमिकांची तुलना करून काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : महत्तम मूल्य, लघुतम मूल्य, अवकलज, बीजगणित, मास्टर रामचंद्र, द मॉर्गन, भास्कराचार्य, तात्कालिक गती.

१. प्रस्तावना

कनिष्ठ महाविद्यालयापासून पदवी वर्गापर्यंत गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक नियम पाठ असतो : फलनाचा पहिला अवकलज शून्य मांडावा, येणाऱ्या समीकरणाची मुळे काढावीत, दुसऱ्या अवकलजाचे चिन्ह पाहावे, ते ऋण असल्यास महत्तम आणि धन असल्यास लघुतम मूल्य मिळते. नियम उपयुक्त आहे व परीक्षेत गुण देणाराही आहे. परंतु अवकलज शून्यच का मांडावयाचा, हा नियम सिद्ध होण्यापूर्वी लोक असे प्रश्न कसे सोडवीत असत, आणि अवकलनावाचून हे प्रश्न सुटतात काय, हे प्रश्न वर्गात फारसे विचारले जात नाहीत. गणिताचा इतिहास अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिल्याचा हा परिणाम होय.

यांपैकी शेवटचा प्रश्न भारतात एका शिक्षकाने गांभीर्याने विचारला आणि त्याच्या उत्तरादाखल एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपल्याकडे गणिताच्या अध्यापकांनाही अपवादानेच ठाऊक असते. इतिहासकारांमध्ये ध्रुव रैना व एस. इरफान हबीब यांनी या ग्रंथाचा साक्षेपाने अभ्यास केला आहे. तथापि मराठीत त्याची चर्चा विरळ आहे. प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) महत्तम-लघुतम मूल्यांच्या रीतीचा युरोपातील विकास थोडक्यात पाहणे.
(२) रामचंद्रांच्या पद्धतीचे गणिती स्वरूप उदाहरणांनी स्पष्ट करणे.
(३) त्यांच्या प्रयत्नामागील शैक्षणिक विचार तपासणे व तो प्रयत्न मागे का पडला याची कारणे शोधणे.

२. युरोपातील वाटचाल

महत्तम मूल्याचा प्रश्न अवकलनापेक्षा पुष्कळ जुना आहे. युक्लिडच्या सहाव्या पुस्तकातील सत्ताविसावे प्रमेय आजच्या भाषेत मांडावयाचे तर, दिलेल्या रेषेचे दोन भाग करून होणारा आयत ते भाग समान असता सर्वांत मोठा असतो, अशा आशयाचे आहे. अपोलोनियस याने शांकवांवरील ग्रंथाच्या पाचव्या भागात एखाद्या बिंदूपासून वक्रापर्यंतच्या लघुतम व महत्तम रेषांचा विचार केला. मात्र ग्रीकांच्या हाती सर्व प्रश्नांना लागू पडेल अशी एक रीत नव्हती. प्रत्येक प्रश्नासाठी स्वतंत्र भूमितीय युक्ती शोधावी लागे.

योहानेस केप्लर यांनी १६१५ मध्ये मद्याच्या पिंपांच्या घनफळावर ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यापारी पिंपाच्या तोंडातून तिरपी काठी घालून तिच्या ओल्या भागावरून किंमत ठरवीत. काठीची लांबी तीच असता कोणत्या आकाराच्या पिंपात अधिक मद्य मावेल, असा प्रश्न त्यातून निर्माण झाला. केप्लर यांनी कोष्टके करून पाहिली. घनफळ महत्तम होते त्या जागेच्या आजूबाजूला मापे थोडी बदलली तरी घनफळात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. डोंगराच्या माथ्यावर जमीन क्षणभर सपाट होते, असे हे निरीक्षण आहे. अवकलज शून्य असण्याचे मर्म त्यात सामावलेले आहे.

या निरीक्षणाचे रीतीत रूपांतर पिएर द फर्मा यांनी केले. त्यांची रीत १६३७ च्या अखेरीस पॅरिसच्या विद्वानांकडे पोहोचली व देकार्त यांच्याशी झालेल्या वादाने गाजली. छापील स्वरूपात मात्र ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्ये आली. त्यांचेच साधे उदाहरण घेऊ. 'ब' या रेषेचे असे दोन भाग करावयाचे आहेत की त्यांचा गुणाकार महत्तम व्हावा. एक भाग क्ष असता गुणाकार क्ष × (ब − क्ष) होतो. आता क्षच्या जागी क्ष + इ घालून दोन्ही मूल्ये जवळजवळ समान माना. समान पदे गेल्यावर (ब × इ) − (२ × क्ष × इ) − (इ-वर्ग) एवढे शिल्लक राहते. त्यास इ ने भागून उरलेला इ टाकून दिला, की ब = २ × क्ष मिळते; म्हणजे रेषा दुभागावी. उत्तर बिनचूक आहे, परंतु ज्या इ ने प्रथम भागिले तोच नंतर शून्य कसा मानावयाचा, ही तार्किक अडचण तेथेच राहिली. याच रीतीने फर्मा यांनी १६६२ मध्ये, प्रकाशकिरण लघुतम वेळ लागेल अशा मार्गाने जातो हे तत्त्व गृहीत धरून वक्रीभवनाचा नियम काढून दाखविला.

न्यूटन यांनी १६७१ च्या सुमारास लिहिलेल्या व १७३६ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात हाच विचार गतीच्या भाषेत मांडला. राशी महत्तम किंवा लघुतम असते त्या क्षणी ती पुढेही वाहत नाही आणि मागेही वाहत नाही, म्हणून तिचा प्रवाहवेग शून्य मांडावा, असे त्यांचे म्हणणे होते. लायब्निट्झ यांचा अवकलनावरील पहिला छापील लेख ऑक्टोबर १६८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच महत्तम व लघुतम मूल्यांसाठी नवी रीत असा निर्देश आहे. म्हणजे अवकलन जगापुढे प्रथम आले ते याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. मॅक्लॉरिन यांनी १७४२ मध्ये, पहिले काही अवकलज शून्य आल्यास कोणत्या क्रमाचा अवकलज निर्णायक ठरतो, हेही स्पष्ट केले.

तरीही पायाचा प्रश्न सुटला नव्हता. बर्कली यांनी १७३४ मध्ये अवकलनाच्या तर्कावर कठोर टीका केली. त्या टीकेला समाधानकारक उत्तर मिळण्यास कोशी यांच्या १८२१ व १८२३ च्या ग्रंथांतील सीमेच्या कल्पनेपर्यंत थांबावे लागले. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावयाची, कारण रामचंद्र विद्यार्थी होते त्या काळात अवकलनाचा तर्कशुद्ध पाया युरोपातही नवाच होता.

३. मास्टर रामचंद्र : जीवन व परिसर

रामचंद्रांचा जन्म १८२१ मध्ये पानिपत येथे एका कायस्थ कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. रामचंद्र दहा वर्षांचे असताना ते वारले आणि सहा मुलांचा भार आईवर पडला. १८३३ मध्ये रामचंद्र दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. लहान वयात विवाह झाला. मध्यंतरी संसाराच्या गरजेपोटी शिक्षण सोडून त्यांना नोकरी करावी लागली. पुढे शिष्यवृत्ती मिळाल्याने ते पुन्हा शिकू लागले आणि १८४४ मध्ये दिल्ली कॉलेजच्या प्राच्य विभागात युरोपीय विज्ञानाचे शिक्षक झाले. वेतन दरमहा ५० रुपये होते.

दिल्ली कॉलेज त्या काळी एक आगळी संस्था होती. तेथे पाश्चात्त्य विज्ञान इंग्रजीतून नव्हे, तर उर्दूतून शिकविले जाई. प्राचार्य फेलिक्स बूत्रो व त्यांच्यानंतरचे अलॉयस श्प्रेंगर यांच्या काळात देशी भाषांत पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम जोमाने चालले. रामचंद्रांनी बीजगणित, त्रिकोणमिती, शांकव तसेच अवकलन व समाकलन यांवरील पुस्तके उर्दूत आणली. 'फवाइद-उल-नाझरीन' व 'मुहिब्ब-ए-हिंद' ही नियतकालिके चालविली. पुढे उर्दूत गणिताची विपुल ग्रंथरचना करणारे झकाउल्ला हे त्यांचे विद्यार्थी होत.

या पार्श्वभूमीवर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांनी अवकलनाचे पुस्तक स्वतः उर्दूत आणले, त्यांना अवकलन येत नव्हते म्हणून त्यांनी बीजगणिताचा मार्ग धरला, असे म्हणता येत नाही. ती निवड होती, आणि ती वर्गातील अनुभवातून व एका विशिष्ट भूमिकेतून आलेली होती. भारतीयांची गणिती परंपरा मुख्यतः बीजगणिताची आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त तिचे प्रगत रूप दिसते. ती परंपरा खुंटली असली तरी बुद्धीचा तो कल जिवंत आहे. तेव्हा नव्या गणिताकडे विद्यार्थ्यास न्यावयाचे तर त्याच वाटेने न्यावे, अशी त्यांची धारणा होती. १८५० चा ग्रंथ या धारणेचे फलित होय.

४. रामचंद्रांच्या पद्धतीचे स्वरूप

पद्धतीचा गाभा साधा आहे. ज्या राशीचे महत्तम किंवा लघुतम मूल्य हवे तिला र मानावे आणि येणारे समीकरण क्षसाठी सोडवावे. उत्तरात वर्गमूळ आले, तर त्या चिन्हाखालील राशी ऋण असता कामा नये, कारण तसे झाल्यास क्ष वास्तव राहणार नाही. या अटीमुळे रच्या मूल्यावर मर्यादा पडते. ती मर्यादा हेच महत्तम किंवा लघुतम मूल्य होय.

फर्मा यांचेच उदाहरण घेऊ. क्ष × (ब − क्ष) = र असे मांडल्यास क्ष-वर्ग − ब × क्ष + र = ० हे वर्गसमीकरण मिळते. वर्ग पूर्ण करून सोडविल्यास वर्गमूळाच्या चिन्हाखाली (ब-वर्ग ÷ ४) − र ही राशी येते. ती ऋण होऊ नये म्हणून र फार तर ब-वर्ग ÷ ४ असू शकतो आणि त्या वेळी क्ष = ब ÷ २. येथे इ नाही, भागून मग टाकून देणे नाही, आणि सीमेची कल्पनाही नाही. शिवाय मिळालेले मूल्य महत्तमच आहे हे त्याच पायरीत सिद्ध होते. दुसऱ्या अवकलजाची चाचणी वेगळी घ्यावी लागत नाही.

या ठिकाणी परंपरेशी असलेले नाते केवळ भावनिक नाही, ते गणिती आहे. वर्गसमीकरण वर्ग पूर्ण करून सोडविण्याच्या प्रकरणास भास्कराचार्य 'मध्यमाहरण' म्हणतात. ऋण संख्या कोणाचाही वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, असे त्यांनी 'बीजगणिता'त स्पष्टपणे सांगितले आहे. रामचंद्रांची संपूर्ण पद्धती या दोन आधारांवर उभी राहते. बाराव्या शतकात जे विधान निषेधाच्या स्वरूपात होते, त्यालाच त्यांनी एकोणिसाव्या शतकात शोधाचे साधन बनविले.

तिसऱ्या घाताचे प्रश्न आले की काम अवघड होते. तेथे समान मुळांचा विचार उपयोगी पडतो. क्ष-वर्ग × (अ − क्ष) या राशीचे महत्तम मूल्य काढावयाचे आहे, असे समजू. राशी र मानल्यास क्ष-घन − अ × क्ष-वर्ग + र = ० हे समीकरण होते. र महत्तम मूल्यापेक्षा किंचित कमी असता या समीकरणास दोन धन मुळे व एक ऋण मूळ असते. र वाढत जाईल तशी दोन धन मुळे परस्परांच्या जवळ येतात आणि महत्तम मूल्यापाशी एकरूप होतात. तेव्हा मुळे क्ष, क्ष व −प अशी मानू. मुळांची बेरीज अ असल्याने २ × क्ष − प = अ. समीकरणात क्षच्या पहिल्या घाताचे पद नसल्याने मुळांच्या दोन-दोनच्या गुणाकारांची बेरीज शून्य, म्हणजे क्ष-वर्ग − २ × क्ष × प = ०. यावरून क्ष = २ × प, आणि म्हणून प = अ ÷ ३ व क्ष = २ × अ ÷ ३. अवकलनाने हेच उत्तर येते.

अ = ९ घेतल्यास पडताळा सहज मिळतो. क्ष = ६ असता मूल्य ३६ × ३ = १०८ येते. क्ष = ५ असता ते १०० आणि क्ष = ७ असता ९८. वर्गात फळ्यावर ही तीन मूल्ये मांडली तरी विद्यार्थ्याला माथा कोठे आहे ते दिसते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. घात वाढत जाईल तसे बीजगणित झपाट्याने क्लिष्ट होते व प्रत्येक प्रश्नासाठी नवी युक्ती लागते. त्याहून महत्त्वाची अडचण अशी की, ज्या फलनांत लघुगणक किंवा त्रिकोणमितीय राशी बीजगणितीय राशींशी मिसळलेल्या असतात, तेथे ही वाट बहुधा बंदच होते. क्षचा नैसर्गिक लघुगणक भागिले क्ष हे साधे दिसणारे फलन घ्या. अवकलनाने ते लघुगणकाच्या आधारांकाशी, म्हणजे सुमारे २.७१८ या मूल्याशी महत्तम होते, हे दोन ओळींत मिळते. मुळांच्या वास्तवतेच्या अटीने ते मिळविता येत नाही, कारण तेथे सोडविण्याजोगे बीजगणितीय समीकरणच उभे राहत नाही. अवकलनाचे खरे सामर्थ्य या सार्वत्रिकतेत आहे.

५. द मॉर्गन आणि १८५९ ची आवृत्ती

कलकत्त्यातील नियतकालिकांनी ग्रंथाचे स्वागत केले नाही. जे काम अवकलनाने सुलभ होते ते कष्टाने करण्यात काय अर्थ, असा टीकेचा सूर होता. ग्रंथ स्वखर्चाने छापलेला असल्याने आर्थिक झळही लागली. मात्र कलकत्त्यात त्या वेळी असलेल्या ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनी ग्रंथाच्या प्रती विकत घेतल्या आणि त्यांपैकी काही इंग्लंडला ऑगस्टस द मॉर्गन यांच्याकडे पाठविल्या. बेथ्यून स्वतः केंब्रिजचे गणिती होते. कलकत्त्यातील मुलींच्या शाळेमुळे त्यांचे नाव आपल्याला परिचित आहे.

द मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराई येथे झाला होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते आणि सीमेच्या कल्पनेवर आधारलेला अवकलन-समाकलनाचा विस्तृत ग्रंथ त्यांनी १८४२ मध्ये पूर्ण केला होता. अशा व्यक्तीने अवकलन टाळणाऱ्या पुस्तकाची बाजू घ्यावी, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु त्यांची दृष्टी निराळी होती. त्यांना या ग्रंथात नव्या उत्तरांपेक्षा स्वतंत्र विचार दिसला. युरोपीय पाठ्यपुस्तकांची भाषांतरे पाठ करून भारतात गणित रुजणार नाही. तेथील बुद्धी स्वतः विचार करू लागेल तेव्हाच ते रुजेल, असे त्यांचे मत होते. १८५६ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळातील कर्नल साइक्स यांच्याशी पत्रव्यवहार केला. त्यातून ग्रंथाचे पुनर्मुद्रण व ग्रंथकर्त्याचा गौरव या गोष्टी ठरल्या. द मॉर्गन यांची विस्तृत प्रस्तावना असलेली लंडन आवृत्ती १८५९ मध्ये निघाली. स्वतंत्र चिंतन हे भारताच्या राष्ट्रीय प्रगतीचे साधन आहे, अशा आशयाचा उल्लेख तिच्या मुखपृष्ठावरच करण्यात आला. ज्या कंपनीच्या आज्ञेने हे पुनर्मुद्रण झाले तिची भारतावरील सत्ता मात्र १८५८ मध्येच संपुष्टात आली होती.

द मॉर्गन यांच्या औदार्याचा आदर राखूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ग्रीक बुद्धी भूमितीची व भारतीय बुद्धी बीजगणिताची, हे वर्गीकरण त्यांनीही स्वीकारले होते. संपूर्ण समाजाच्या बुद्धीला एकच कल चिकटविणे हा त्या काळचा सर्वमान्य विचार होता. तो कितपत टिकतो, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

६. बापूदेवशास्त्री आणि तात्कालिक गती

लंडन आवृत्तीच्या एक वर्ष आधी, १८५८ मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भास्कराचार्यांच्या अवकलनविषयक ज्ञानावर एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. लेखक बनारसच्या संस्कृत कॉलेजातील बापूदेवशास्त्री. जन्माने ते महाराष्ट्रीय. योगायोग असा की त्यांचाही जन्म १८२१ चा, म्हणजे ते रामचंद्रांचे समवयस्क.

बापूदेवशास्त्री यांचा आधार 'बीजगणित' हा नव्हता. 'सिद्धान्तशिरोमणी'तील ग्रहगणित व गोल या भागांवर त्यांचा भर होता. भास्कराचार्यांनी हा ग्रंथ ११५० मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते. त्यामुळे आजच्या व उद्याच्या स्थानांतील अंतर हीच आजची गती मानली, तर तिथीच्या अंताची वेळ चुकते. म्हणून भास्कराचार्य 'तात्कालिकी' गतीची कल्पना मांडतात. तिच्या गणितात ते ज्याचा सूक्ष्म बदल कोज्येच्या प्रमाणात घेतात. आजच्या भाषेत ज्याचा अवकलज कोज्या होय.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यापुढील विचार अधिक महत्त्वाचा आहे. ग्रहाच्या मध्यम व स्पष्ट स्थानांतील अंतर म्हणजे मंदफल. हे फल जेथे महत्तम होते तेथे गतिफल, म्हणजे मध्यम व स्पष्ट गतींतील अंतर, शून्य असते आणि मध्यम गती हीच स्पष्ट गती होते, असे भास्कराचार्य सांगतात. राशी महत्तम असते तेथे तिच्या बदलाचा वेग शून्य असतो, हेच ते तत्त्व होय. केप्लर यांच्या निरीक्षणापूर्वी साडेचारशे वर्षे ते एका विशिष्ट राशीच्या संदर्भात मांडले गेले होते.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. विल्यम स्पॉटिसवुड यांनी बापूदेवशास्त्री यांच्या निबंधाचा परामर्श घेताना, या गणितात सीमेची किंवा अनंतसूक्ष्म राशींची स्पष्ट कल्पना नाही, याकडे लक्ष वेधले. तो आक्षेप रास्त आहे. कोणत्याही फलनास लागू पडणारा सर्वसामान्य नियमही भास्कराचार्यांनी दिलेला नाही. परंतु महत्तम मूल्य आणि शून्य वेग यांचा संबंध त्यांनी ओळखला होता, एवढे निःसंशय म्हणता येते.

या दोन समवयस्कांची तुलना उद्बोधक आहे. पाश्चात्त्य गणित आपल्या परंपरेशी कसे जोडावयाचे, हा दोघांपुढील प्रश्न एकच होता. रामचंद्रांचे उत्तर असे की, अवकलन बाजूला ठेवून आपल्या बीजगणितानेच चालावे. बापूदेवशास्त्री यांचे उत्तर असे की, अवकलनाचे बीज आपल्याच सिद्धान्तग्रंथांत आहे. दोघांचा आधारस्तंभ एकच ग्रंथकार आहे, परंतु वाचलेले अध्याय निराळे आहेत. 'बीजगणिता'चे इंग्रजी अनुवाद स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये व कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये केलेले असल्याने भारतीय गणित म्हणजे बीजगणित ही प्रतिमा रूढ झाली होती. सिद्धान्तग्रंथांतील गतिविचार ज्योतिषाच्या पोथ्यांत राहिला. म्हणजे ज्या 'राष्ट्रीय कला'वर रामचंद्रांनी आपली पद्धती उभारली, तो परंपरेचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग त्यांना अवकलनाकडेच घेऊन गेला असता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक नोंद आवश्यक आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६० च्या दशकात प्रकाशात आणला. एका गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी संस्था उभी राहावी, ही परंपरा या भूमीत होती, याचे ते साक्ष देते.

७. प्रयत्न मागे का पडला?

रामचंद्रांची पद्धती भारतातील किंवा इंग्लंडमधील अभ्यासक्रमात रुजली नाही. त्याची कारणे तीन प्रकारची दिसतात.

पहिले कारण गणिती आहे. वर म्हटल्याप्रमाणे अवकलनाची सार्वत्रिकता बीजगणितीय युक्त्यांना नाही. शिवाय सीमेच्या कल्पनेमुळे अवकलनावरील जुना तार्किक आक्षेप दूर होत चालला होता. बीजगणिताची तार्किक निर्दोषता हा रामचंद्रांच्या बाजूचा एक मोठा मुद्दा त्यामुळे दुबळा झाला.

दुसरे कारण राजकीय आहे. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत उठाव पोहोचला. दिल्ली कॉलेज लुटले गेले आणि तेथील प्राचार्य मारले गेले. रामचंद्रांनी १८५२ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला असल्याने त्यांच्या जिवाला धोका होता. त्यांच्याबरोबर धर्मांतर केलेले डॉ. चिमनलाल यांची त्या दिवशी हत्या झाली. रामचंद्र लपूनछपून वाचले. उठावानंतर त्यांनी रुडकी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात व पुढे दिल्लीच्या शाळेत काम केले. शेवटी ते पतियाळा संस्थानाच्या शिक्षण खात्यात होते. १८६३ मध्ये त्यांनी अवकलनाच्या एका नव्या रीतीवरही पुस्तक लिहिले. म्हणजे अवकलनाशी त्यांचे वैर नव्हते. ते अधिक सुबोध कसे होईल हाच त्यांचा ध्यास होता. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरे कारण शैक्षणिक आहे. १८५७ मध्येच कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले आणि अभ्यासक्रम इंग्लंडमधील नमुन्यावर बेतले गेले. देशी भाषेतून, देशी विद्यार्थ्याला अनुरूप अशी मांडणी शोधण्याची गरजच अशा व्यवस्थेत कोणाला भासली नाही. शिक्षकाचे काम नेमलेले पुस्तक पुरे करणे एवढेच उरले. पद्धती शोधणारा शिक्षक अनावश्यक ठरला, ही यातील खरी हानी होय.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) महत्तम-लघुतम मूल्यांचा प्रश्न हा अवकलनाच्या जन्माचे एक प्रमुख निमित्त आहे. त्यास केवळ अवकलनाचा 'उपयोग' म्हणून प्रकरणाच्या शेवटी ढकलणे इतिहासास धरून नाही.

(२) रामचंद्रांची पद्धती अवकलनाला पूर्ण पर्याय ठरू शकत नाही. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या घाताच्या अनेक प्रश्नांत ती निर्दोष आहे. महत्तम मूल्यापाशी दोन मुळे एकरूप होतात, ही तिच्यातील दृष्टी अवकलज शून्य होण्याचा अर्थ अधिक स्पष्ट करते.

(३) भारतीय बुद्धीचा कल बीजगणिताकडेच आहे, हे रामचंद्र व द मॉर्गन यांचे गृहीतक अपुऱ्या वाचनावर आधारलेले होते. भास्कराचार्यांच्या ज्योतिषगणितातील तात्कालिक गतीचा विचार त्यास छेद देतो.

(४) त्यांचे गृहीतक चुकले असले तरी त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. विद्यार्थ्याला आधीपासून काय अवगत आहे आणि तेथून नव्या कल्पनेकडे जाणारी वाट कोणती, हा तो प्रश्न होय.

आज मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पदवी वर्गात अवकलन इंग्रजी पुस्तकांतून शिकतो. वर्गसमीकरण व त्याचा विवेचक त्याला शालेय वयापासून परिचित असतो. अवकलजाचा नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वी एक तासिका रामचंद्रांच्या पद्धतीला दिली, आणि त्यानंतर ती कोठे अडते हे दाखविले, तर अवकलनाची गरज त्याला स्वतःहून पटेल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची आवश्यकता नाही. दरमहा ५० रुपयांवर काम करणाऱ्या एका शिक्षकाने दिल्लीच्या वर्गात जे करून पाहिले, ते आपल्या वर्गात करून पाहण्याची तयारी मात्र हवी.